बोलून बरे वाटते. बरे होते का?

राज्य सरकारने 2015 साली यवतमाळ आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्पही त्याच वर्षीचा. आशा कार्यकर्तीने खचलेला शेतकरी हेरावा आणि त्याला समुपदेशनाकडे पाठवावे, अशी त्याची मांडणी. या भागात आम्हाला दोन तऱ्हेचे लोक भेटतात. भूमचे एक शिक्षक म्हणतात, "चार बैठकांनी माझा जीव वाचला." परंड्याची एक शेतकरीण विचारते, "बोलून कर्ज फिटतंय व्हय?"

दोघेही खरे बोलतात. पण त्यावरून समुपदेशन उपयोगी की निरुपयोगी, हे ठरत नाही. माणूस मदत मागतो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत. नैराश्याला चढउतार असतात, त्यामुळे काहीजण उपायाविनाही सावरतात आणि श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते. सर्दीच्या काढ्याचे असेच असते.

येथे तुलनाच हवी. ती गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी केली. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन्ही गटांना केंद्रातले उपचार होते. एकाला शिवाय समुपदेशनाच्या 6 ते 8 बैठका. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष असा: तीन महिन्यांनी बैठकांच्या गटात 64 टक्के रुग्ण नैराश्याच्या रेषेखाली आले, दुसऱ्या गटात 39 टक्के.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडावा. शंभरांतले 64 जण म्हणतील, "बैठकांनी बरे झालो." त्यांतले 39 तसेही सावरले असते, बैठकांची कमाई सुमारे 25. आपण त्या 25 पैकी की 39 पैकी, हे आतून कोणालाच कळत नाही. उरलेले 36 "काही उपयोग नाही" म्हणतील, तेही आपल्यापुरते खरेच.

पंचवीस ही कमाई लहान नव्हे. तरी प्रयोगाला मर्यादा आहेत. आपल्याला बैठका मिळाल्या हे रुग्णाला ठाऊक असते. गोळीच्या चाचणीत देतात तशी साखरेची गोळी इथे देता येत नाही. आणि मोजमाप शेवटी रुग्णाच्याच उत्तरांवर.

आणखी एक. 'समुपदेशन' या शब्दातच उपदेश दडला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तोच दिला जातो. गोव्यातल्या बैठकांत उपदेश नव्हता. सुटलेली कामे, थांबलेल्या गाठीभेटी थोड्याथोड्या पुन्हा सुरू करणे, समोरच्या अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवणे, असे त्यांचे स्वरूप होते. परंड्याच्या बाईंच्या प्रश्नाला यात निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे बँकेकडे आणि पावसाकडे.

म्हणून धाराशिवच्या कामाविषयी आम्ही विचारू ते एवढेच: बैठकीत नेमके काय होते, आणि तीच प्रश्नावली तीन महिन्यांनी पुन्हा कोणी भरून घेते का?