भाषासंपर्क आणि वाक्यरचना : मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठीवरील फारसी प्रभावाची चर्चा मा. त्रिं. पटवर्धन यांच्या 'फार्सी-मराठी कोशा'नंतरही (१९२५) प्रामुख्याने शब्दसंग्रहापुरती सीमित राहिली. वस्तुतः संपर्काचा खोल ठसा वाक्यरचनेत उमटतो. 'येणार नाही असे तो म्हणाला' या रचनेशेजारी 'तो म्हणाला, की...' ही रचना फारसी संपर्कातून बळावली. उलट, दखनीत 'नहीं आता करके बोल्या' असे वाक्य येते. त्यातील 'करके' मराठी 'म्हणून' व तेलुगू 'अनि' यांचेच कार्य करते. जोर देणारा 'च'ही दखनीने मराठीकडूनच घेतला. म्हणून दखनीस 'बिघडलेली उर्दू' संबोधणे अशास्त्रीय ठरते. हाच न्याय लावल्यास, देगलूर-उदगीरकडील विद्यार्थ्याचे वाक्य अशुद्ध ठरविण्यापूर्वी त्यामागील शेजारभाषेचा नियम तपासणे हे अध्यापकाचे कर्तव्य होय.