गोधडीचे परीक्षण

आगमनकाळ सुरू झाला की मराठवाड्यात थंडीही अंगणात येऊन उभी राहते. रात्री बोचऱ्या होतात आणि पेटीच्या तळाशी ठेवलेल्या गोधड्या उन्हात पडतात. चर्चमध्ये जांभळ्या वस्त्रांचा काळ, तर घरोघरी दोरीवर विटलेल्या चिंध्यांचे शंभर रंग, असा हा ऋतू. या ऋतूत मला माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची दरवर्षी आठवण होते. प्रस्तुत लेख हा त्या चुकीचा कबुलीजबाब आहे आणि उशिरा केलेले परीक्षणही.

काही वर्षांपूर्वी नाताळनिमित्त भरलेल्या एका हस्तकला प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलावण्यात आले. आयुष्यभर मुलांना कविता शिकविली, तेव्हा याला सौंदर्य कळत असावे, असा संयोजकांचा समज असणार. टेबलांवर क्रोशाचे रुमाल होते, वेदीवर अंथरण्याचे लेस लावलेले पांढरेशुभ्र वस्त्र होते, आणि काचेच्या चौकटीत बसविलेले शेवटच्या भोजनाचे भरतकाम होते. कोपऱ्यात एक गोधडी चौघडी करून ठेवली होती. मी भरतकामाची चौकट उलटून पाहिली. मागे एकही गाठ दिसत नव्हती. पहिले बक्षीस तिला दिले. गोधडीपुढे मी लिहिले, ‘उपयुक्त, परंतु कलात्मकता कमी.’

संध्याकाळी गोधडी न्यायला आलेल्या म्हातारीने तो कागद नातवाकडून वाचून घेतला आणि मला एवढेच विचारले, “गुरुजी, उलगडून बघितली का तुम्ही?”

मी उलगडून पाहिली नव्हती.

वाचकहो, समीक्षा म्हणजे तरी दुसरे काय? समोरची वस्तू उलगडून पाहणे, एवढेच तिचे पहिले कर्तव्य. एखाद्या कवितेची पहिली ओळ वाचून मी कधी शेरा मारला नसता. मग गोधडीच्या बाबतीत ते धाडस मला कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी माझ्या आईने शिवलेली गोधडी काढली, आणि प्रथमच ती पांघरण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी अंथरली.

खालच्या बाजूस एक अखंड लुगडे आहे, मध्ये दंड घातलेले. त्यावर विरलेल्या धोतरांचे थर. सर्वांत वर तुकडे: आजीच्या लुगड्याचे हिरवे, थोरल्या भावाच्या शाळेच्या चड्डीचे खाकी, आणि १९७२ च्या दुष्काळात मदतीचे धान्य ज्या कापडी पिशवीतून घरी आले तिचा एक पांढरट तुकडा. त्यावरची परदेशी अक्षरे अजून पुसट दिसतात. शिलाई साधा धावदोरा. तो कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करीत मध्यावर येतो. हे केवळ नक्षीसाठी नाही. ओळी जवळजवळ असल्या की थर एकमेकांवरून सरकत नाहीत, आणि थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. जी रेघ डोळ्याला आकृती वाटते तीच अंगाला ऊब वाटते. रूप आणि आशय यांच्या एकात्मतेविषयी आम्ही वर्गात किती बोललो! येथे ती एकात्मता धुवून, पिळून, वाळवून सिद्ध झालेली आहे.

एका गोष्टीने मला बराच काळ कोड्यात टाकले. लाल तुकडे तीन आहेत आणि तिन्ही एकाच टोकाला. दुसरे टोक त्यामानाने ओकेबोके. समतोल चुकला, असे कोणीही परीक्षक म्हणेल. बहिणीला विचारले तेव्हा ती हसली. म्हणाली, “अरे, ती उशाकडची बाजू. कंदिलाच्या उजेडात पायाकडची बाजू तोंडावर येऊ नये म्हणून.” ज्याला मी दोष समजत होतो ती निवड होती.

अर्थात केवळ स्तुती करणारा समीक्षक खोटा. आईच्या गोधडीत दोषही आहेत. एका कोपऱ्यात टाके अचानक लांब झाले आहेत. पावसाळा तोंडावर आला असावा आणि हात घाईला आला असावा. दोन ठिकाणी दोऱ्याचा रंग बदलला आहे. आणि ती अतिशय जड आहे. धुतली की दोन दिवस वाळत नाही. गोधडीचे काम उन्हाळ्यातले. सुगी संपल्यावर आणि मृग लागण्यापूर्वी शेतातून जी उसंत मिळते तेवढीच तिची वेळ. म्हणजे आपल्याकडे नाताळची ऊब पुनरुत्थानकाळाच्या दुपारी शिवली जाते. ही गोष्ट मी साठ वर्षे पाहत होतो. तिचा अर्थ मात्र कधी मनात आला नाही.

मग मी वापरलेले माप कोठले होते? आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा आलेल्या कारागिरांशी परंपरा हिमरूचा संबंध जोडते. सूत आणि रेशीम यांच्या त्या विणकामात नक्षीचे मोकळे धागे मागच्या बाजूस राहतात. जवळच्या पैठणची पैठणी याच्या उलट. तिच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि तीच तिची ओळख मानली जाते. ही दोन्ही वस्त्रे मागावर, पिढीजात कारागिरांच्या हातून, ग्राहकासाठी निर्माण झाली. गोधडीला माग नाही, कारखाना नाही, ग्राहकही नाही. तिचा धावदोरा पैठणीसारखाच दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, पण तिची उलटी बाजू पारखण्यासाठी नसते. ती अंगाला लागण्यासाठी असते. म्हणून सर्वांत मऊ लुगडे नेहमी त्या बाजूला.

दुसरे माप आपल्या धर्मभगिनींच्या शिवणवर्गांतून आले. येथे कोणताही अनादर करावयाचा नाही. त्या वर्गांनी कितीतरी मुलींच्या हाती सुई दिली आणि सुईबरोबर स्वाभिमान व चार पैसेही दिले. आंध्रातील नरसापूरची लेस मिशनरी स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात शिकविलेल्या कलेतूनच उभी राहिली. पण त्या कलेबरोबर एक कसोटीही आली: शुभ्रता, सममिती, लपविलेली गाठ. ही कसोटी लेसला योग्यच आहे. ती गोधडीला लावणे म्हणजे सुनीताच्या मापाने जात्यावरची ओवी मोजणे होय. शिवाय, खरे सांगायचे तर, माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. गोधडी म्हणजे गरिबी. आमच्या पिढीने शिकून, नोकरी धरून जी गरिबी मागे टाकली ती कोपऱ्यात घडी होऊन बसली होती. ती मला उलगडायची नव्हती.

जगाने मात्र अलीकडे गोधडी उलगडली आहे, आणि त्यातूनही शिकण्यासारखे आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ती वस्ती. तेथील स्त्रियांनी कामाच्या जीर्ण कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. मान मिळाला, याचा आनंद आहे. परंतु भिंतीवर टांगलेली गोधडी कोणालाच ऊब देत नाही. पुढे २००७ साली काही शिवणकर्त्या स्त्रियांना आपल्या हक्कांसाठी आणि मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले, हेही विसरता येत नाही. ‘ही कला आहे’ असे म्हणणे सोपे. ‘ही तिची कला आहे’ असे म्हणणे कठीण.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या या वंशजांत ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्याही कडेकडून सुरुवात करून मध्याकडे येतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय कवंदी पूर्ण होत नाही. ख्रिस्ती घरच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. पण टाका तिघींचा एकच. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि त्याची प्रदर्शनेही भरविली.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला बंगालच्या जुन्या रजया ठेवाव्यात. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनी सातगाव परिसरातील कारागिरांकडून टसर रेशमाने भरलेल्या रजया करवून घेतल्या. त्यांवर शलमोनाच्या न्यायासारखे पवित्र शास्त्रातील प्रसंग आहेत. ते काम थक्क करणारे आहे. पण मला वाटते, शास्त्रातील प्रसंग कापडावर भरणे ही एक ख्रिस्ती कला, आणि शास्त्रातील एखादे वचन कापडाने पाळणे ही दुसरी. आपली गोधडी या दुसऱ्या प्रकारातली आहे.

हे वाक्य अलंकारिक वाटेल, म्हणून स्पष्ट करतो. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, असे प्रभू येशू मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो. यावर मी अनेक प्रवचने ऐकली, पण त्यामागचे कापडाचे ज्ञान आईकडून कळले. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतीचे जुने कापड ओढून फाडते. म्हणून गोधडीत नवा तुकडा घालायचाच झाला तर आई तो आधी दोनदा धुऊन घेत असे. दाखला देणाऱ्याने कोणा आईला ठिगळ लावताना नक्कीच पाहिले असणार. कोणाला, हे सांगायची गरज नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची कथा येते. ती मरण पावते, पेत्र येतो, आणि विधवा स्त्रिया रडत रडत तिने केलेली वस्त्रे त्याला दाखवितात. मला वाटते, हस्तकलेचे पहिले ख्रिस्ती प्रदर्शन ते हेच. तेथे टाके किती सारखे, हे कोणी मोजले नाही. कोणाला पांघरले गेले, एवढेच दिसले. आणि ज्या संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे नाताळची गव्हाण मांडली, त्यांचा म्हणून असिसीत जपलेला झगा ठिगळांनी भरलेला आहे. त्यातील काही ठिगळे संत क्लाराच्या अंगरख्याच्या कापडाची आहेत, असे वस्त्रतज्ज्ञ मेख्टिल्ड फ्लूरी-लेम्बर्ग यांच्या अभ्यासातून पुढे आले. गव्हाण आणि ठिगळ यांचे नाते असे जुने आहे.

आमच्या घरी ते नाते एका लहानशा रीतीत टिकून आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरातल्या कोणाची तरी जुनी सुती साडी निघते आणि तिचे दुपटे शिवायला घेतले जाते. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ज्याने त्याने काही टाके घालायचे. पूर्वी मी नुसता बघत असे. त्या प्रदर्शनानंतर मीही बसू लागलो. नात सुईत दोरा ओवून देते आणि माझे वाकडे टाके पाहून हसते. सून मात्र ते उसवू देत नाही. नाताळच्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्या दुपट्यावर ठेवतात. सण संपला की ते दुपटे ओळखीतल्या एखाद्या घरच्या तान्ह्या बाळाला जाते. लूककृत शुभवर्तमानात पवित्र मरिया बाळासाठी पहिली गोष्ट करते ती त्याला कापडात गुंडाळण्याची. तेवढे तर आपल्यालाही करता येते.

पण ही रीत किती दिवस टिकेल? अडचण केवळ सवडीची नाही, कापडाचीही आहे. सिंथेटिक साडी विरत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही. तिचे दुपटे होत नाही. गेल्या वर्षी साडी शोधायला आम्हांला तीन पेट्या उपसाव्या लागल्या. बाजारात आता कोऱ्या कापडाच्या, यंत्रावर शिवलेल्या सुबक गोधड्या मिळतात. त्यांतून काही स्त्रियांना रोजगार मिळतो, म्हणून त्यांना नावे ठेवणार नाही. पण तिच्यात आजी नाही, भाऊ नाही, दुष्काळ नाही. ते छापील शुभेच्छापत्र आहे, हाताने लिहिलेले पत्र नव्हे.

ती म्हातारी आता हयात नाही. तिच्या मातीला मी गेलो होतो. घर माणसांनी भरले होते आणि कोपऱ्यात, खाटेवर, एक लहान मूल झोपले होते. त्याच्या अंगावर तीच गोधडी होती, पूर्ण उलगडलेली. हिरव्या-पिवळ्या तुकड्यांच्या मधोमध एक छोटा पांढरा क्रूस होता. घडी घातल्यावर तो आत जात असे, म्हणून मला दिसला नव्हता.

माझा तो शेरा आता दुरुस्त करता येत नाही; कागदही राहिला नाही, वाचून घेणारीही राहिली नाही. या नाताळात आपल्या पेटीतली गोधडी काढाल तेव्हा पांघरण्यापूर्वी ती एकदा पुरती अंथरून पाहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा तुकडा कोणाचा? सांगणारे आहेत तोवर विचारून घ्यावे.