फाल्कोनेत्तीची जोन

संतांच्या तसबिरी पाहून पाहून आपल्या डोळ्यांना एक सवय जडते. वर वळलेली नजर, जोडलेले हात आणि यातनांतही न ढळणारी शांती. कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' हा १९२८ सालचा फ्रेंच मूकपट ही सवय मोडून काढतो. त्याचे श्रेय ड्रायरला भरपूर मिळाले. जिच्या चेहऱ्यावर सारा चित्रपट उभा आहे, त्या रने फाल्कोनेत्तीच्या पदरात मात्र तिचे माप पुरते पडले नाही.

फाल्कोनेत्ती (१८९२-१९४६) मूळची रंगभूमीची. १९१७ साली तिने किरकोळ चित्रपटकाम केले होते, एवढेच. ड्रायरने तिला पॅरिसच्या एका हलक्याफुलक्या नाटकात पाहिले आणि रंगरंगोटीमागचा चेहरा त्याला हवासा वाटला. जोनला १४३१ साली रुआँ येथे जिवंत जाळले, तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिला साकारणारी नटी होती पस्तिशीची, आणि चेहऱ्याला रंगाचा थेंबही न लावता ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

दिग्दर्शकाने तिला छळून हा अभिनय पिळून काढला, दगडी फरशीवर तासन्‌तास गुडघे टेकायला लावले, अशा कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्या खऱ्या असोत वा नसोत, वेदनेने फक्त चेहरा वेडावाकडा होतो. त्यातून अर्थ उमटत नाही. 'तू कृपावस्थेत आहेस काय?' हा प्रश्न विचारला जातो, तो प्रसंग पाहावा. 'होय' म्हटले तर गर्व, 'नाही' म्हटले तर कबुली. तिची नजर मदतीसाठी भिरभिरते, थांबते, आत वळते. मग उत्तर येते : नसेन तर देवाने मला तिथे न्यावे, असेन तर तिथेच राखावे. हे उत्तर मूळ खटल्याच्या नोंदीतले असून १९९२ च्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथातही त्याला स्थान मिळाले आहे. फाल्कोनेत्ती ते हजरजबाबीपणा म्हणून देत नाही. शब्द आपल्याला सुचला याचे तिलाच नवल वाटते. असे नवल छळून आणता येत नाही.

याहून मोलाचा प्रसंग तिच्या माघारीचा. ही जोन घाबरते. चितेच्या भयाने ती कबुलीपत्रावर सही करते. नंतर तिचे केस कापले जातात, आणि जमिनीवरच्या केसांबरोबर तिने विणलेला गवताचा मुकुटही झाडला जातो. तो केरात जाताना पाहून ती न्यायाधीशांना परत बोलावते. भीती गेलेली नसते; भीतीसकट ती परतते. आपल्या तसबिरींत नेमकी हीच भीती काढलेली नसते.

चित्रपटात एक उणीव आहे. धर्मपंडितांचे चेहरे इतके कुरूप टिपले आहेत की, त्यांचा दुष्टपणा आधीच ठरून जातो. जोनवर अन्याय करणाऱ्यांत प्रामाणिकपणे चुकणारेही असतील, ही शक्यता त्यामुळे फारशी उरत नाही. अपवाद आंतोनां आर्तोने रंगविलेल्या तरुण संन्याशाचा.

पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आक्षेपांनंतर चित्रपटाला कात्री लागली. इंग्रज सैनिकांच्या चित्रणामुळे ब्रिटनने त्यावर बंदी घातली. १९२८ च्या डिसेंबरात मूळ निगेटिव्ह बर्लिनमध्ये जळाले. फाल्कोनेत्ती त्यानंतर पुन्हा पडद्यावर आली नाही. तिने पॅरिसमध्ये नाटके केली, युद्धकाळात ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि १९४६ साली ब्युनोस आयरिस येथे वारली. मूळ चित्रपटाची अखंड प्रत सापडली ती १९८१ साली, ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात.