आधी स्टँड होता, मग स्टेशन आलं

शिवाजीनगरचं भुयारी मेट्रो स्थानक मला आवडतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरीच कुरकुर आहे. सरकत्या जिन्यावरून उतरताना रस्त्याचा गोंगाट मागे पडत जातो, खाली गार हवा लागते, पाट्या वाचता येतात, लिफ्ट चालू असते. प्रवेशद्वाराला किल्ल्याच्या तटबंदीचं रूप दिलंय. ते मला जरा लग्नाच्या मंडपासारखं वाटतं, पण चालायचं. आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, हल्ली वेबसिरीजचीही होते. रोज हजारो माणसं ज्यातून ये-जा करतात त्या इमारतीबद्दल मात्र 'झाली एकदाची' यापलीकडे कुणी काही लिहीत नाही.

मी मूळचा संगमनेरचा. २०१५ साली इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तो शिवाजीनगर स्टँडवर उतरूनच. नाशिक, नगर, औरंगाबाद, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडून येणाऱ्यांचं पुणे तिथून सुरू व्हायचं. (कोल्हापूर-सातारकरांचं स्वारगेटपासून, पुण्यात कोण कुठून आलंय हे स्टँडवरून कळायचं.) स्टँड काही देखणा नव्हता. पावसाळ्यात चिखल, मुतारीचा वास, उद्‌घोषणा कळली तर कळली. पण बाहेर पडलं की समोर शहराच्या बस, शेजारी रेल्वेचं स्टेशन, जिथं लोणावळा लोकल थांबते. बोचकं उचलून पायी जाता येईल एवढ्यात सगळं. आजच्या भाषेत त्याला 'मल्टिमोडल हब' म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं, त्यामुळे ते आहे हेही कुणाच्या लक्षात आलं नसावं.

मग मेट्रोचं काम आलं. इथं थोडं तंत्र सांगायला हवं, म्हणजे दोष नेमका कुठं आहे ते कळेल. बोगदा यंत्रानं जमिनीखालून पोखरता येतो, वरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. असं स्थानक मात्र सहसा वरूनच खणतात. जमीन उघडायची, खोल काँक्रीटची पेटी बांधायची आणि वरून झाकायची. पेटी जिथं बांधायची तिथं एसटी उभ्या राहू शकत नाहीत. त्यामुळे २०१९च्या अखेरीस स्टँड वाकडेवाडीला हलवला, याबद्दल माझी तक्रार नाही. हलवताना तो तात्पुरता असेल असं सांगितलं गेलं, तक्रार या शब्दापासून सुरू होते. आमच्या धंद्यात 'तात्पुरतं' हा शब्द कोडमध्ये दिसला की जुनी माणसं हसतात. त्यांना माहीत असतं, तेवढाच भाग दहा वर्षं टिकणार.

१ ऑगस्ट २०२३ला फुगेवाडी ते जिल्हा न्यायालय हा टप्पा सुरू झाला आणि शिवाजीनगर स्थानक उघडलं. पेटी झाकली गेली. एसटी परतली नाही. जागेवर व्यापारी संकुलासह नवं बसस्थानक उभारायच्या घोषणा होत राहिल्या आणि गाड्या वाकडेवाडीलाच लागत राहिल्या. म्हणजे एसटी, लोकल आणि शहर बस जिथं एकत्र येत होत्या तिथं चौथी सोय आणली, आणि ती आणताना पहिली बाहेर काढली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक तुकडा सुटा तपासतो, मग जोडून तपासतो. इथं सुटा तुकडा उत्तम पास झालाय. जोडून बघायचं काम कुणाचं होतं, हे कागदावर तरी असेल का, शंका आहे.

जोडणी जमतच नाही असंही नाही. एकच स्थानक पुढे जा. जिल्हा न्यायालयाला जांभळी मार्गिका सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि वनाज-रामवाडी मार्गिका त्याच जागी डोक्यावर, उन्नत. एवढ्या खोलवर छतातून सूर्यप्रकाश येतो, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्क थांबलो होतो. गाडी बदलायला रस्त्यावर यावं लागत नाही. पण तिथं मेट्रोला मेट्रोच जोडायची होती. एका घरातल्या दोन भावांना एका ताटात जेवायला बसवलं, एवढंच. शेजाऱ्याला बोलवायची वेळ शिवाजीनगरला आली होती.

आणि शेजारी म्हणजे कोण, तर ससूनला रिपोर्ट घेऊन निघालेला पेशंट, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, तांदळाचं पोतं आणि लोणच्याची बरणी घेऊन लेकीकडे चाललेली बाई. त्यांच्यासाठी दीड-दोन किलोमीटर म्हणजे रिक्षा, आणि पहाटे पाचची रिक्षा म्हणजे घासाघीस. गेल्या दिवाळीआधी आई आली तेव्हा वाकडेवाडीपासून मेट्रोपर्यंत रिक्षावाल्यानं जेवढे मागितले तेवढ्यात संगमनेरहून निम्मी वाट झाली असती. मी तिला हौसेनं शिवाजीनगरचं स्थानक दाखवायला नेलं. तिनं आजूबाजूला बघितलं, तटबंदी बघितली आणि विचारलं, "इथंच आपला स्टँड होता ना रे?" हो म्हणालो. "मग गाडी इथं का नाही येत?" मी खणकाम समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "ते झालं ना पण आता?"

आता तिनं तिचा मार्ग काढलाय. नाशिककडून येणारी एसटी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत नाशिक फाट्याला येते आणि तिथं मेट्रोचं स्थानक आहे. कुणी पाटी लावलेली नाही, पण ती म्हणते, हल्ली कंडक्टरच हाळी देतो, "मेट्रोवाले उतरून घ्या." चार-सहा जण उतरतात. तिथून जिल्हा न्यायालय, तिथून वरच्या गाडीनं कोथरूडकडे आनंदनगर. मागच्या महिन्यात मी तिला घ्यायला नाशिक फाट्यापर्यंत गेलो होतो. परतताना डब्यात घोषणा झाली, "पुढील स्थानक शिवाजीनगर". तिनं सवयीनं पिशवीचे बंद हातात घेतले, अर्धी उठली, मग माझ्याकडे बघून परत बसली. दारं उघडली, बंद झाली.