प्रथिनांचे सामायिक भांडार आणि वेदनेची नोंद

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशासाठी १९४८ पासून जमविलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस कोशकाराची एक अडचण सहज समजेल. शब्द उतरवून घेतला, परंतु तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी व कोणत्या अर्थाने आला हे लिहावयाचे राहिले, तर ती चिठ्ठी व्यर्थ होय. प्रथिनविषयक सामायिक माहितीच्या आधारे जुनाट वेदनेचा शोध घेण्याचा जो उद्योग सध्या चालू आहे, तोही याच कसोटीस लावून पाहिला पाहिजे.

ब्रिटनमधील ‘यूके बायोबँके’ने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे पाच लक्ष व्यक्तींची नोंद केली. त्यांपैकी सुमारे चोपन्न हजारांच्या रक्तद्रवातील २,९२३ प्रथिनांच्या मापनांचा वृत्तान्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ती मापने जगातील संशोधकांस अर्ज करून मिळू शकतात. हे औदार्य मोठेच आहे. परंतु वेदनेविषयी या मंडळींना विचारले काय? नोंदणीच्या वेळी, गेल्या महिन्यात कोठे दुखले आणि ते तीन महिन्यांहून अधिक काळचे आहे काय, एवढेच. दुखणे कशा प्रकारचे, याची सविस्तर विचारपूस २०१९ मध्ये झाली. म्हणजे रक्त एका काळचे आणि वेदनेचे वर्णन जवळजवळ दशकानंतरचे! या दोहोंची सांगड घालणाऱ्या निबंधांनी हे अंतर ठळकपणे सांगावयास हवे.

संरचनांच्या भांडाराची गोष्ट निराळी आहे. मिरचीच्या तिखटपणाने व उष्णतेने उद्दीपित होणाऱ्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाची रचना २०१३ मध्ये उकलली. ती १९७१ पासून चालू असलेल्या प्रथिन-संरचना-पेढीत कोणासही पाहता येते. तिचा अर्थ लावण्यास रोग्याची कैफियत लागत नाही. रक्तातील प्रमाण मात्र रोग्यावाचून मुके असते. शिवाय ज्या सोडियमवाहिनीच्या अभावी माणसास वेदनाच होत नाही, असे पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासावरून २००६ मध्ये दिसून आले, ती मज्जापेशींच्या आवरणात वसते. रक्तद्रवाच्या तपासणीत तिचे कार्य कळावयाचे नाही.

आपल्याकडे असा संग्रह करावयाचा झाल्यास प्रश्न अधिक बिकट होईल. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली रचली ती इंग्रजी विशेषणांवर. मराठी रोगी ठणका, कळ, चमक, सल, ठुसठुस, आग, मुंग्या असे म्हणतो. पिकलेल्या गळवाची ठुसठुस आणि कमरेपासून पायात उतरणारी चमक यांचे मूळ एक नव्हे. प्रश्नपत्रिकेत मात्र या साऱ्यांपुढे ‘दुखते : होय / नाही’ एवढेच छापले जाण्याचा संभव फार. (खुद्द वैद्यही पुष्कळदा याहून अधिक विचारीत नाहीत.) हे शब्द कोणता रोगी, कोणत्या भागात, कोणत्या दुखण्यास वापरतो याची यादी पहिली कुपी भरण्यापूर्वी तयार हवी, आणि ते काम प्रयोगशाळेचे नसून भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे.