सूत्र, दृष्टांत आणि अपघात : आभासी मिग-२१च्या सूचना-परंपरेचा विचार

प्रास्ताविक

संगणकावरील खेळ हा मराठी समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न या लेखाचे शीर्षक वाचून काही सहकारी प्राध्यापकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उखाणे, म्हणी, जात्यावरच्या ओव्या यांचा अभ्यास आपण वाङ्मय म्हणून करतो. मात्र एखादे अवघड काम दुसऱ्यास शिकविताना माणसे जी भाषा घडवितात, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर-खेळांभोवती जगभर उत्साही मंडळींचे समूह तयार झाले आहेत. ही मंडळी परस्परांना ज्या सूचना देतात, त्यांना ते 'टिप्स' म्हणतात. प्रस्तुत लेखात या सूचनांचा एक वाङ्मयप्रकार म्हणून विचार करावयाचा आहे. त्यासाठी एकच खेळ निवडला आहे, तो म्हणजे 'डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर' या मालिकेत २०१४ साली आलेले 'मिग-२१ बिस'.

ही निवड यदृच्छेने झालेली नाही. चांदवडहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघाल्यास पिंपळगाव बसवंतनंतर ओझर लागते. १९६२ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर मिग-२१च्या बांधणीसाठी तीन ठिकाणे ठरली. इंजिन कोरापुटला, विद्युत्-उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व अंतिम जोडणी ओझरला. यशवंतराव चव्हाण त्या काळात संरक्षणमंत्री होते आणि १९६३पासून नाशिकचे लोकसभेतील प्रतिनिधीही होते. ओझरच्या कारखान्यातून पुढील दोन दशकांत सहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली. 'बिस' हा त्यांतील शेवटचा प्रकार. तालुक्यातील कित्येक घरांत या विमानाशी हाताचा संबंध आलेली माणसे आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय वायुदलाने मिग-२१ला निरोप दिला. आज आपल्याकडे हे विमान उडते ते केवळ संगणकाच्या पडद्यावर.

सूत्ररूप

प्रस्तुत लेखकास हा खेळ प्रथम पाहावयास मिळाला तो वसतिगृहातील एका खोलीत. चार मुले, एक संगणक, वापरून सैल झालेली एक जॉयस्टिक आणि वीज केव्हा जाईल याची धास्ती. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी आपल्या कनिष्ठ मित्रास विमान उतरविण्यास शिकवीत होता. "भाऊ, थ्रॉटल पूर्ण मागं घेऊ नको, चाकं टेकू दे आधी, नाहीतर धप्पकन बसशील." मूळ सूचना इंग्रजीतली, परंतु येथवर येताना तिने निफाड-चांदवडचा वेष घेतला होता.

या एका वाक्यामागे मोठे यंत्रज्ञान दडलेले आहे. मिग-२१चा पंख लहान आणि त्रिकोणी. वेगासाठी तो उत्तम, पण सावकाश उतरण्यास प्रतिकूल. यावर उपाय म्हणून 'बिस'मध्ये इंजिनातील दाबाची हवा पंखाच्या खाली वळविलेल्या फ्लॅपवरून फुंकली जाते, त्यामुळे पंखाचा आधार वाढतो. मात्र ही हवा इंजिनाकडूनच येते. वैमानिकाने सवयीने थ्रॉटल मागे ओढला की फुंकर मंदावते, आधार एकाएकी जातो आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळते. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असताना हे घडते. सूचना देणारा यातील काहीही सांगत नाही. तो सांगतो फक्त काय करू नये.

अशा सूचनांची रचना बारकाईने पाहिली असता काही गोष्टी ध्यानात येतात. त्या आज्ञार्थी असतात, त्यांत विशेषणे जवळजवळ नसतात आणि क्रियापद शरीराला उद्देशून येते. धर, सोड, थांब, बघ. शत्रूशी झुंजताना एकच वळण जोराने घे, दुसरे घेऊ नको, कारण त्रिकोणी पंख वळताना वेग खातो. जमिनीलगत रडारवर विसंबू नको, तेथे जमीनच शत्रूसारखी दिसू लागते. आणीबाणीचा आफ्टरबर्नर कमी उंचीवर आणि काही मिनिटांपुरताच, पुढे इंजिन आणि इंधन दोन्ही संपतील. धावपट्टीवर पुढचे चाक तुमच्या मर्जीने वळत नाही, दांडीवरची ब्रेकची मूठ दाबून पायाने दिशा द्यावी लागते, आणि ब्रेकची दाबाची हवाही मोजकीच असते. या सगळ्यांत वीरश्रीचा एकही शब्द नाही. लढाईच्या खेळाभोवती जमलेल्या मंडळींची भाषा अशी काटकसरी असावी, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास अनपेक्षित वाटली.

त्यातील एक सूचना विशेष उल्लेखनीय आहे. मिग-२१चा इंधनमापक टाकीत किती इंधन आहे हे स्वतः मोजत नाही. उड्डाणापूर्वी आकडा हाताने लावावा लागतो, पुढे खर्च झालेले इंधन तो त्यातून वजा करीत जातो. म्हणून अनुभवी खेळाडू नवख्यास प्रथम सांगतो की काटा लाव. ज्याने टाकी अर्धी भरली पण काटा पूर्णावर लावला, त्याला यंत्र शेवटपर्यंत धीर देत राहते आणि मग इंजिन बंद पडते.

दृष्टांताचे स्थान

महानुभाव पंथाच्या वाङ्मयात केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या वचनांतून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी त्रिपदरी मांडणी केली. आधी तत्त्व, मग ते पटविणारी छोटी कथा आणि शेवटी त्या कथेचा तत्त्वाशी असलेला संबंध. यातील दार्ष्टांतिक हा भाग केसोबासांचा, स्वामींचा नव्हे. बोलणारा एक आणि जोडणारा दुसरा. ही व्यवस्था ध्यानात घेऊन खेळाडूंच्या सूचनांकडे पाहिले, तर त्यांचे सामर्थ्य व उणीव दोन्ही स्पष्ट होतात. तुलना धाडसाची आहे याची जाणीव आहे, आणि तिचा रोख आशयाकडे नसून केवळ रचनेकडे आहे.

सूत्र आपण पाहिलेच. दृष्टांतही विपुल आहेत. प्रत्येक खेळाडूपाशी आपल्या फसलेल्या उड्डाणांच्या कथा असतात आणि त्या तो रंगवून सांगतो. धावपट्टी समोर दिसत होती, थ्रॉटल मागे घेतला आणि अलीकडच्या शेतात आपटलो. येथे कथेचा नायक व निवेदक एकच असून तो मेलेला आहे. मृताने स्वमुखाने आपल्या मरणाचे कारण सांगावे आणि ऐकणाऱ्यांनी हसून ते लक्षात ठेवावे, ही सोय या वाङ्मयाच्या मुळाशी आहे. एक कळ दाबली की विमान पुन्हा धावपट्टीच्या टोकाशी उभे राहते. या सोयीमुळेच येथील ज्ञान झपाट्याने वाढते, हे मान्य केले पाहिजे. १९९८ साली आलेल्या 'फाल्कन ४.०' या खेळाची मूळ आज्ञावली २००० साली बाहेर फुटली. तेव्हापासून हौशी मंडळी तो खेळ आपल्या पदरच्या वेळाने सुधारीत आली आहेत, ती याच चुका सांगण्या-ऐकण्याच्या बळावर. उलट भारतीय वायुदलाने २०१९ साली भ्रमणध्वनीसाठी काढलेला 'इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह' हा खेळ देखणा व सोपा आहे. परंतु त्यात चुकण्यासारखे फारसे काही नसल्याने सांगण्यासारखेही फारसे काही उरत नाही.

दार्ष्टांतिक मात्र बहुधा आढळत नाही. आपण का आपटलो हे खेळाडू सांगतो, पण मुळात यंत्र असे का घडविले गेले आणि ज्यांच्यापाशी पुन्हा उभे राहण्याची कळ नव्हती त्यांचे काय झाले, याकडे कथा वळत नाही. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली होती. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक त्यांत मृत्युमुखी पडले होते. हे आकडे सर्व प्रकारच्या मिग विमानांचे आहेत. या १७१ जणांना आपला दृष्टांत सांगता आला नाही. तो त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी सांगितला आणि काही वेळा त्यावर वाद झाला.

१७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मिग-२१च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. दोष वैमानिकाचा की यंत्राचा, या प्रश्नावर त्यांच्या आईवडिलांनी, कविता व अनिल गाडगीळ यांनी दीर्घकाळ लढा दिला. वास्तवात दार्ष्टांतिक कोणी लिहावयाचे, हाच त्या लढ्याचा गाभा होता असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांचा लढा तेवढ्यावर थांबला नाही. या दांपत्याने पुण्यात मुलाच्या स्मरणार्थ संस्था उभी करून तरुणांना सिम्युलेटरवर प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. म्हणजे पुनःपुन्हा मरण्याची जी मुभा वसतिगृहातील मुलांना खेळ म्हणून मिळते, तीच मुभा एका शोकग्रस्त घराने मुलांना आकाशात जाण्यापूर्वी मिळावी म्हणून मागितली. सिम्युलेटर हे करमणुकीचे साधन की जीवरक्षणाचे, हा वाद या एका उदाहरणापुढे फारसा उरत नाही. ओझरपासून तासाभराच्या अंतरावर शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक नव्हते, याचे मात्र वाईट वाटले.

खालची जमीन

आणखी एका उणिवेचा निर्देश करणे आवश्यक आहे. या खेळात विमानाचे कॉकपिट विलक्षण तपशीलवार आहे, प्रत्येक बटण दाबता येते. परंतु खालची जमीन निर्मनुष्य आहे. खेळाबरोबर मिळणारा प्रदेश कॉकेशसचा. तेथील शेतात विमान कोसळले तर धूर निघतो, कोणी धावत येत नाही. २७ जून २०१८ रोजी वावी-ठुशी परिसरात आणि ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगाव येथे ओझरचीच सुखोई-३० विमाने शेतांत कोसळली. दोन्ही वेळी वैमानिक बचावले. शिरसगावच्या वेळी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील काही मुले ते पाहून आली होती. त्यांच्या वर्णनात विमानाच्या प्रकाराविषयी एक वाक्य होते, आणि शेताचा मालक कोण, पीक कोणते, भरपाई मिळेल काय, याविषयी दहा. तीच मुले संध्याकाळी आभासी मिग घेऊन कॉकेशसवर उडतात तेव्हा या दहा वाक्यांपैकी एकही त्यांच्या सूचनांत उतरत नाही. खेळाची मांडणी त्यांना तसे बोलू देत नाही. हा दोष मुलांचा नव्हे, आणि केवळ खेळ घडविणाऱ्यांचा आहे असेही म्हणवत नाही, कारण लढाऊ विमानावरील आपल्याकडील बहुतेक लेखनही आकाशातूनच पाहते.

तथापि या सूचना-परंपरेस उथळ म्हणून बाजूस सारणे चुकीचे ठरेल. यंत्राच्या उणिवा जाणून तिच्याशी सांभाळून वागण्याची शिस्त तिच्यात आहे, आणि ती स्तुतिपर लेखांत क्वचितच आढळते. मिग-२१ला 'उडती शवपेटी' म्हणणारे वृत्तपत्रीय लेखन आणि त्याची केवळ शौर्यगाथा गाणारे लेखन, ही दोन्ही यंत्राजवळ जात नाहीत. थ्रॉटल मागे घेऊ नको, असे सांगणारा मुलगा जातो.

तिसरा पक्ष कारागिरांचा आहे आणि त्याची नोंद अद्याप झालेली नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस ओझरला रुजू झालेले तंत्रज्ञ आज ऐंशीच्या घरात आहेत. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा दोघांशी बोलणे सुरू केले आहे. पहिल्या भेटीत त्यांपैकी एकाने, आपण कामावर काय शिकलात असे विचारताच सांगितलेले वाक्य असे होते : "सुट्टीची घंटा झाली तरी हत्यारं मोजल्याशिवाय उठायचं नाही. एक पाना कमी भरला, तर विमान सोडायचं नाही." यामागची हकीकत विचारली असता त्यांनी ती पुढच्या वेळी सांगतो म्हटले. ती भेट दिवाळीनंतर ठरली आहे.