'बारोमास': ऋतुचक्र आणि बाजारचक्र

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली व २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. तेव्हापासून विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय निघाला, की तिचा उल्लेख ठरलेलाच असतो. हा उल्लेख गौरवाचा खरा; परंतु त्याने कादंबरीचे काहीसे नुकसानच केले आहे, असे आम्हांस वाटते. एखादी कलाकृती एखाद्या प्रश्नाचा पुरावा म्हणून पुढे केली जाऊ लागली, म्हणजे तो प्रश्न तिने कोणत्या रीतीने मांडला आहे, हे तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही. प्रस्तुत टिपणात तेवढाच मुद्दा विचारार्थ घ्यावयाचा आहे.

देशमुख हे बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरचे. या जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग तेथील माणूस सहज बोलून जातो. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, कपाशीची जमीन आणि खामगावची पेठ. वर चिखली-मेहकरकडील पठार, हलकी-मध्यम जमीन आणि सर्वस्वी पावसाच्या हवाली असलेली शेती. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८७० साली जलंब-खामगाव हा लोहमार्गाचा चिमुकला फाटा सुरू झाला. तो मुख्यतः रुईच्या गाठींसाठी होता. माणसे त्यातून गेली ती ओघाने. म्हणजे या जिल्ह्यातील कास्तकाराच्या चुलीवर काय शिजावे, हे लिव्हरपूलच्या भावावर ठरू लागल्याला आता दीडशे वर्षे उलटून गेली. हा इतिहास ध्यानात ठेवूनच 'बारोमास'कडे वळावयास हवे. कारण ही कादंबरी ज्या घराची गोष्ट सांगते, त्या घराला तो ठाऊक नाही.

सांजोळ गावचे तनपुरे कुटुंब हा कादंबरीचा विषय. नानुआजा, सुभानराव, शेवंतामाय, एकनाथ, त्याची पत्नी अलका, धाकटा भाऊ मधू अशी तीन पिढ्यांची माणसे एका छपराखाली नांदतात. नांदतात म्हणण्यापेक्षा एकमेकांना बोचतात. येथे देशमुखांची दृष्टी खरोखर तीक्ष्ण आहे. पीक बुडाले, भाव पडला, नोकरी नाकारली गेली, असे जे जे बाहेर घडते, ते घरात येताना आपले मूळ नाव टाकून येते. बाजारातील तोटा घरात आळस म्हणून ओळखला जातो. कर्जाचा बोजा हट्टाच्या रूपाने येतो, तर नोकरभरतीतील भ्रष्टाचार नवऱ्याचा नादानपणा ठरतो. आर्थिक दडपण हे दडपण म्हणून कोणालाच दिसत नाही; दिसतो तो समोरचा माणूस आणि त्याचा दोष. शेतीच्या अर्थकारणावरील कोणत्याही अहवालात ही गोष्ट सापडावयाची नाही.

अलकेचे उदाहरण घ्यावे. बऱ्याच वाचकांनी तिला स्वार्थी ठरवून मोकळे केले आहे. पण तिचा विवाह शेतकऱ्याशी झालेला नाही, पदवीशी झालेला आहे. शिकलेला मुलगा आज ना उद्या नोकरीस लागेल, या हिशेबावर ते लग्न उभे होते. नोकरीसाठी पैसा मोजावा लागतो, पैसा उभा करावयाचा तर जमिनीकडे पाहावे लागते आणि जमीन गेली तर मागे उरलेल्यांनी खावयाचे काय, या कोंडीत तो हिशेब फसला. ती माहेरी निघून जाते, तेव्हा एक व्यवहार मोडलेला असतो. त्या व्यवहाराचे दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, हीच त्यातील वेदना. जमिनीचे उत्पन्न घटत गेले आणि पदवीची किंमत चढत गेली, या दोहोंच्या कात्रीत सापडलेले घर इतक्या नेमकेपणाने मराठीत क्वचितच आले असेल. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकरही शहरातून गावी परततो. पण तो रित्या मनाने परततो, आणि वडिलांची भरली वास्तू तेथे उभीच असते. एकनाथाच्या पाठीशी तसे काहीही नाही.

येथवर प्रशंसा झाली. आमचा आक्षेप कादंबरीच्या नावातूनच सुरू होतो. 'बारोमास' म्हणजे बारा महिने. वऱ्हाडी उच्चारातील हे नाव सूचक व सुंदर आहे. परंतु बारमाही दुःख म्हणजे ऋतूंसारखे फिरून फिरून येणारे दुःख. पेरणी, निंदणी, वेचणी आणि पुन्हा पेरणी, या चक्रात विपत्ती बसवली, की तिला तारीख उरत नाही. वास्तविक या विपत्तीला तारखा आहेत. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदीची योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून शेतकऱ्याने आपला कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालावा, असे ठरले. हमीचा भाव मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्रतवारीच्या वेळची घासाघीस, कर्जाची कपात करून हाती येणारा चुकारा आणि तोही लांबणारा, यांमुळे गरजू शेतकरी माल चोरून राज्याबाहेर वा व्यापाऱ्याला विकू लागला. १९८० नंतर शेतकरी संघटनेने भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. २००२ साली, म्हणजे 'बारोमास' निघाली त्याच वर्षी, बीटी कापसाच्या बियाण्यास केंद्राची मान्यता मिळाली आणि एकाधिकाराची कोंडी फोडून खासगी खरेदीस वाट देण्यात आली. यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कोठेतरी बसून ठरविलेली आहे. पाऊस तसा कोणी ठरवीत नाही.

कादंबरीत राजकारण नाही असे नव्हे. पुढारी आहेत, कचेऱ्या आहेत, पैशावाचून न हलणारे कागद आहेत. तथापि कथानकाला कलाटणी देणारे प्रसंग घराच्या ओसरीवर घडतात, बाजार समितीच्या ओट्यावर नव्हेत. परिणामी राजकारण हे वाईट माणसांचे वर्तन म्हणून प्रतीत होते, निर्णयांची परंपरा म्हणून नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा शेतसारा, कालव्याचे पाणी, कामगारांची लूट, भिक्षुकशाही या सर्वांना नाव घेऊन जाब विचारला होता. त्यांची मीमांसा सर्वांनाच पटेल असे नाही. पण जबाबदार कोण, या प्रश्नाला तेथे बगल दिलेली नाही.

यावर असे म्हटले जाईल, की फुल्यांचा ग्रंथ निबंध आहे, 'बारोमास' कादंबरी आहे. आणि शेतकऱ्याला विपत्ती ऋतूसारखीच भासते, तर कादंबरीकाराने तशीच का दाखवू नये? हा युक्तिवाद उद्धव शेळके यांच्या 'धग'ला (१९६०) पूर्णपणे लागू पडतो. कौतिकच्या झगड्यात धोरणांचा ऊहापोह आला असता तर तो उपराच वाटला असता. परंतु देशमुखांनी नायक म्हणून एकनाथाला निवडले आहे. तो शिकलेला आहे. ज्या गोष्टी सुभानरावांना दैव वाटतात त्यांमागे हिशेब आहे, हे समजण्याची पात्रता कादंबरीत कोणापाशी असेल तर त्याच्यापाशी आहे. त्याच्या मनातील उद्वेग लेखकाने पानोपानी दिला, त्याची समज मात्र तितक्या विस्ताराने दिली नाही. एकनाथ विचार करू लागला, की लेखक त्याला पुन्हा घरातील भांडणात ओढून आणतो. ही कथनाची सवय आहे की ज्ञान निरुपयोगी ठरल्याची ती जाणीवपूर्वक केलेली नोंद आहे, हे आम्हांस दोनदा वाचूनही निश्चित करता आले नाही.

कादंबरीनंतरच्या दोन घटना येथे नमूद कराव्यात. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना घोषित केली. त्या सहांत बुलढाणा होता. २००८ च्या कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा घालण्यात आली. बागाइती मुलखात दोन हेक्टर म्हणजे सुखवस्तू घर. चिखली-मेहकरच्या कोरडवाहू पठारावर तीन हेक्टरांचा धनीही कर्जात बुडालेला असू शकतो, आणि तो मात्र या मर्यादेबाहेर राहिला. सुभानरावांसारख्या माणसाने ही बातमी ऐकली असती, तर त्याने ती नशिबाच्या खात्यावर टाकली असती. एकनाथाने मर्यादेचा आकडा कोणी व कशावरून ठरविला, हे विचारले असते. आणि त्याच संध्याकाळी घरात, दोन एकर आधीच का विकले नाहीत, यावरून मधूशी त्याचे भांडण जुंपले असते.